दिवाळी अंक, ऑर्डरी आणि जानेवारीतलं प्रदर्शन : कामाची आखणी कशी करता?

गेरू :

नमस्कार मंडळी. धागा चित्रकारांसाठी काढतेय, पण नाटकवाले, लिहिणारे, मूर्तिकार सगळ्यांनीच हजेरी लावा.

मी चिपळूणला असते. पोटापाण्यासाठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कथांची रेखाटनं आणि लोकांच्या घरच्या व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी करते. स्वतःची म्हणावीत अशी चित्रं (तैलरंग, थोडे जलरंग) उरलेल्या वेळात. पुण्यातल्या एका कलादालनात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकल प्रदर्शनाची तारीख मिळाली आहे. मालिका वाशिष्ठी नदीवर, म्हणजे खरं तर २०२१ च्या पुरानंतरच्या गावावर आहे. भिंतींवर राहिलेली पाण्याची रेघ, वाळत घातलेल्या वह्या, असं. काही चित्रं झालीत, बरीचशी डोक्यात आहेत.

आता गोची. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण पुढे गेलेत. गणपती १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. संपादक मंडळी खूश आहेत, "यंदा निवांत वेळ आहे हो" म्हणतात. पण त्यांचा निवांत वेळ माझ्या प्रदर्शनाच्या अंगावर येतोय. जे काम एरवी सप्टेंबरात हातावेगळं व्हायचं ते यंदा ऑक्टोबरभर रेंगाळणार.

तर तुम्ही आखणी करता का? कशावर करता, वही, ॲप, भिंत? आणि ऑर्डर नाही कशी म्हणता? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शाईचा_डाग :

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. कादंबरीचं तिसरं प्रकरण तीन वर्षं तिसरंच आहे, त्यामुळे सल्ला देण्याच्या लायकीची नाही. वाचतेय.

बोरू-टाक :

अभिनंदन गेरूताई. जाहिरात एजन्सीच्या कला विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे सवयीने एकच सांगतो : उलटं मोजा. उद्घाटनाची तारीख लिहा आणि तिथून मागे चालत या.

चित्रं टांगायची आदल्या दिवशी. टेम्पो त्याच्या आदल्या दिवशी कुंभार्ली घाटातून वर येणार. म्हणजे तेव्हा सगळं फ्रेम होऊन, गुंडाळून तयार हवं. आता फ्रेमवाला. त्याला नुसते "तीन आठवडे" देऊन भागत नाही. बऱ्याच दुकानांतले कारागीर उत्तरेकडचे असतात, दिवाळीला गावी जातात आणि छठ करूनच परततात. नोव्हेंबर अर्धा गेला समजा. परत आले की तुंबलेल्या ऑर्डरी असतात. म्हणून पट्टी कुठली, माउंटचा (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचा) रंग कुठला, मापं काय हे गणपतीनंतर लगेच ठरवून त्याला थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेवा. चित्रं नंतर गेली तरी चालतात, पट्टी आधी आलेली बरी. ऐन वेळी "ताई ती पट्टी बंद झाली" हे वाक्य ऐकू येतं आणि वीस चित्रांना दोन प्रकारच्या फ्रेमा होतात.

फोटो फ्रेम करण्याआधी काढा. काच बसली की खिडकी, छायाचित्रकार आणि पंखा असे तिघेही चित्रात येतात. कॅटलॉगचं म्हणाल तर डिसेंबर हा छापखान्यांचा कॅलेंडर-डायऱ्यांचा हंगाम. तुमच्या आठ पानी पुस्तिकेला तिथे कोण विचारतो? नोव्हेंबरअखेर फाइल गेलीच पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तैलरंग. ते पाणी उडून सुकत नाहीत, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ थर आठवड्या-दोन आठवड्यांत हाताला कोरडा लागेल, जाड लगदा आतून कित्येक महिने ओला राहील. बर्न्ट अंबर भरभर सुकतो, टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. तुमच्या पुराच्या चित्रांत पांढरा आणि काळा भरपूर असणार असा माझा अंदाज. तेव्हा जाड हाताची चित्रं दसऱ्याच्या (२० ऑक्टोबर) आत संपवा, त्यानंतर फक्त पातळ काम किंवा कागद. अंतिम वार्निश जानेवारीत विसरा, त्याला सहा महिने ते वर्ष जाऊ द्यायचं असतं. रीटच वार्निशवर, म्हणजे पातळ तात्पुरत्या वार्निशवर, भागवा.

अजून एक. किती चित्रं हवीत ते भिंतीला विचारा. कलादालनाकडून भिंतींची एकूण धावती लांबी मागून घ्या. समजा शंभर फूट आहे. तीस इंची फ्रेम आणि दोन्हींमध्ये दीड फूट मोकळी जागा धरली तर एका चित्राला चार फूट. म्हणजे पंचवीस हे ठासून भरलेलं, वीस हे बघवेल असं. तुम्ही मनात चाळीस धरून बसला असाल तर आजच अर्ध्या काळजीतून सुटलात.

गेरू :

चाळीसच धरले होते. 🙏 बाकी वाचून पोटात गोळा आला, विशेषतः छठ. चिपळुणातही हेच होतं, पण मी कधी ते माझ्या वेळापत्रकाशी जोडलं नव्हतं.

सुशेगाद_मांडवी :

सगळं खरं, पण मला हे वाचून धाप लागली. चित्रकाराने बसून धावती लांबी मोजायची, पट्टीवाल्याच्या छठेचा हिशोब ठेवायचा, मग चित्र कधी सुचणार? वासुदेव गायतोंडे बघा. मोजकीच चित्रं केली, पण त्यांची शांतता आजही अंगावर येते. त्यांना कोणी विचारलं असतं का, "दसऱ्याच्या आत जाड काम संपवा"? आखीव वेळापत्रकातून आखीव चित्रच निघतं असं माझं स्पष्ट मत. (कृपया हलके घ्या)

तिसरी_घंटा :

सुशेगादभाऊ, आम्हा प्रायोगिकवाल्यांचा अनुभव बरोब्बर उलटा आहे. संहिता बरी आहे, नट आहेत, तालमीला कुणाची तरी गच्ची आहे, तरी नाटक उभं राहत नाही. थिएटरची तारीख घेऊन पैसे भरले की उभं राहतं. तारीख नसली की दिग्दर्शक पहिल्या प्रवेशाचीच घडी घालत बसतो.

मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूची. तालमीचं वेळापत्रक करताना आम्ही "या आठवड्यात दुसरा अंक बसवायचा" एवढंच लिहितो. कसा बसेल ते लिहीत नाही. याउलट नेपथ्य, प्रकाशयोजना, कपडे, सेन्सॉरचं प्रमाणपत्र यांच्या तारखा दगडावरची रेघ. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत गेली नाही तर तुमची प्रतिभा विंगेतच उभी राहते.

बोरू-टाक :

तिसरी_घंटा, नेमकं. मी चित्र कधी सुचावं याची तारीख कुठे दिली? ओलं चित्र फ्रेमवाल्याकडे नेऊ नका म्हणालो.

आणि गायतोंड्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. मोजकीच चित्रं करायची म्हणजे बाकी सगळ्याला नाही म्हणायचं. आखणी याहून कडक काय असते?

दुसरं टोक हवं तर राजा रविवर्मा घ्या. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी चौदा पौराणिक चित्रांचं काम घेतलं. तयारीसाठी देशभर हिंडले, चित्रं पुरी केली, आणि बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांना दाखवलीसुद्धा. पण या सगळ्या पसाऱ्यामागे त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा होते, तेही चित्रकार. चित्रात मदत करायचे, पत्रव्यवहार बघायचे, रोजनिशी लिहायचे. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथे मात्र कर्ज, प्लेगचा काळ, घाटकोपर, मग मळवली असं होत होत शेवटी तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रकाराची आखणी चित्रापुरती ठीक चालली होती, कारखान्याची नाही. आपल्यापैकी बहुतेकांना असा भाऊ नसतो, म्हणून वही.

सुशेगाद_मांडवी :

भावाचा मुद्दा मान्य. माझ्याकडे भाऊ आहे, पण तो बँकेत आहे आणि माझ्या चित्रांना "रंगकाम" म्हणतो.

पेणचा_कारखाना :

आमच्या धंद्यात हा वादच नाही, कारण बाप्पा कुणासाठी थांबत नाही. विसर्जन झालं की थोडी विश्रांती, मग पुढच्या वर्षीचे साचे आणि नमुने. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, त्यामुळे त्या उन्हाळ्याच्या आधीच पेटीबंद व्हाव्या लागतात. मग बाकीच्या.

गेरूताईंना एक सांगावंसं वाटतं. आम्ही कामाची वाटणी मूर्तीप्रमाणे करत नाही, टप्प्याप्रमाणे करतो. सगळ्यांचं भरणं एकदम, मग सगळ्यांचं घासकाम, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, दागिने. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती करणारा हात वेगळा, वेळही वेगळी. सकाळच्या उजेडात, मन शांत असताना. त्या माणसाला त्या वेळी कोणी हाक मारत नाही, गिऱ्हाईक आलं तरी बाहेर बसवतात.

पावसाळ्यात शाडूची मूर्ती वाळायला दुप्पट वेळ लागतो. घाईने पंख्यासमोर ठेवली की भेग. त्यामुळे मोठ्या मूर्ती उन्हाळ्यात करून घेतो, पावसात छोट्या.

तुमचंही तसं करता येईल. कॅनव्हास ताणणं, प्राइम करणं सगळ्यांचं एकदम उरकून टाका. तुमचे "डोळे" कुठले ते तुम्हाला ठाऊक. तेवढ्या वेळेला फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

गेरू :

दादा, हे फार आवडलं. माझे डोळे म्हणजे त्या भिंतींवरची चिखलाची रेघ. ती एका दमात, एका हातात यावी लागते. रेखाटनांच्या धावपळीतून उठून ती ओढली की कापते, लगेच कळतं.

मग दिवसाची वाटणी अशी करू का : सकाळ प्रदर्शनाची, दुपारनंतर ऑर्डरी? सध्या उलटं आहे. "आधी पैशाचं उरकू, मग निवांत आपलं" म्हणते आणि निवांत होईपर्यंत उजेड जातो.

शाईचा_डाग :

सकाळ आपली, दुपार त्यांची. हे मी कागदावर लिहून आरशावर चिकटवतेय.

कायद्याचं_बोला :

आखणीत एक रकाना कोणीच घातला नाही, म्हणून वकिलाची लुडबुड.

मुखपृष्ठ आणि व्यक्तिचित्रं तुम्ही ऑर्डरीवर करता. बहुतेक चित्रकार धरून चालतात की मी काढलं म्हणजे हक्क माझा. एरवी ते खरं आहे. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेलं पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र असेल, आणि उलट करार नसेल, तर पहिला कॉपीराइट काम सांगणाऱ्याचा. उलट करार नसेल तर, हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे संपादकांशी फोनवर "हो हो, करते" एवढंच झालं असेल, तर तेच मुखपृष्ठ तुम्ही उद्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये छापलंत किंवा त्याचे प्रिंट विकलेत, तर अडचण होऊ शकते. रेखाटनांबाबत वाद घालायला जागा आहे, पण वाद घालायची वेळ कशाला आणा?

उपाय सोपा. काम सुरू करण्याआधी एक मेल. "हे चित्र अमुक वर्षाच्या अंकाच्या मुखपृष्ठावर व त्या अंकाच्या जाहिरातीत वापरण्याची परवानगी देत आहे. कॉपीराइट व मूळ चित्र माझ्याकडे राहील." समोरून "मान्य" असं उत्तर घेऊन ठेवा. त्याच मेलमध्ये कच्च्या रेखाटनाच्या टप्प्यावर किती बदल करून मिळतील, रंग लागल्यावरच्या बदलांचे वेगळे पैसे, काम रद्द झालं तर किती रक्कम, हेही लिहा.

हक्कच विकत असाल तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. आणि हक्क कुणाकडेही असला तरी आपलं नाव लागण्याचा आणि चित्राची मोडतोड करून बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो, कलम ५७.

गेरू :

बाप रे. आजवर एकाही संपादकाला मेल केलेला नाही, सगळं फोनवर. "अहो आपलं घरचंच आहे" असं म्हणतात ना ते.

जुना_वाचक :

घरचं असतं तिथेच मानधन दिवाळीनंतर मिळतं, ताई. जाहिरातींचे पैसे आले की देऊ, असं.

अवांतर : दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, १९०९ सालापासूनची. पण या धाग्याला शोभेल असं नाव दीनानाथ दलालांचं. मडगावचा माणूस, स्वतः चित्रकार, आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचाच अंक काढला. म्हणजे मुखपृष्ठ काढणारा तोच आणि मुखपृष्ठ वेळेत द्या म्हणून तगादा लावणाराही तोच. सुशेगादभाऊ, गोव्याचे होते बरं का. 😄

सुशेगाद_मांडवी :

हरलो. पण गायतोंड्यांचंही मूळ गोव्याचंच, तेव्हा बरोबरी झाली असं धरू.

ऑर्डरींबद्दल मात्र बोलतो, कारण व्यक्तिचित्रं मीही करतो. नाही म्हणू नका, तारीख सांगा. "फेब्रुवारीत देईन" म्हटलं की निम्मे लोक स्वतःच गळतात आणि उरलेले खरे गिऱ्हाईक असतात. वाढदिवसाला हवंय, पंचाहत्तरीला हवंय असे जे असतात त्यांना सरळ दुसऱ्या चित्रकाराचा नंबर द्यायचा. आणि निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कॅनव्हासला हात लावायचा नाही. मी सुशेगाद आहे, भोळा नाही.

गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर फोटो एकाच नातेवाइकाने निवडून द्यायचा हे आधी ठरवा. नाहीतर मुलगी म्हणते बाबा असेच दिसायचे, मुलगा म्हणतो नाक चुकलं, आणि आई चित्राकडे बघून नुसती रडते. त्या घरात तिसऱ्यांदा ब्रश घेऊन जाणं फार अवघड असतं.

एक्सेलवाला_पुणेकर :

इतके प्रतिसाद झाले आणि कोणी ॲपचं नाव घेतलं नाही? मी ट्रेलो वापरतो. "सुचलंय, कच्चं, रंगात, सुकतंय, फ्रेमला" असे रकाने करा. "सुकतंय" हा रकाना बोरू-टाक यांच्या सौजन्याने. चित्राचा फोटो टाकायचा आणि पुढे सरकवत न्यायचं.

पेणचा_कारखाना :

आमच्याकडे कालनिर्णय. मागच्या बाजूला ऑर्डरी, पुढच्या बाजूला तारखा. रेंज नसली तरी चालतं.

तिसरी_घंटा :

साधन कुठलंही घ्या, पण ते भिंतीवर असू द्या. घरच्यांना दिसलं पाहिजे. "२० ऑक्टोबर जाड काम बंद" असं भिंतीवर दिसलं की त्या आठवड्यात पाहुण्यांना बोलावताना सासूबाई एकदा तरी विचारतात.

ओलसर_रत्नागिरी :

कोकणातली म्हणून दोन गोष्टी, पुणे-मुंबईवाल्यांना सुचणार नाहीत. जलरंगाचा चांगला कागद जुलै-ऑगस्टमध्ये उघडा ठेवला की त्याचं साइझिंग (रंग लगेच शोषू न देणारा लेप) बिघडतं. वरून दिसत नाही, पण रंग लावला की ठिपके ठिपके होऊन आत शोषला जातो. तीनशे जीएसएमचा महागाचा कागद असा गेला की जीव जळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून, कपाटात वरच्या फळीवर. त्यापेक्षा बरं म्हणजे जलरंग ऑक्टोबरनंतरच करा. पाऊसभर तैलरंग, हिवाळ्यात कागद. बोरू-टाक यांच्या गणिताशीही हे जुळतं.

झालेली चित्रं भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. मध्ये लाकडाच्या पट्ट्या ठेवून हवा खेळू द्या.

गेरू :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून हे ठरवलं :

चित्रं वीस. त्यातली मोठी तैलचित्रं दसऱ्याच्या आत, जलरंग नोव्हेंबरात. सकाळ माझी. दिवाळी अंक यंदा तीनच, तिघांनाही मेल गेले. दोघांचं "मान्य" आलं. तिसऱ्यांचा फोन आला की "हे काय नवीन?" त्यांना शांतपणे समजावलं, आता ते मेल करतो म्हणालेत. बघू. व्यक्तिचित्रं फेब्रुवारीपासून. एक काकू खरंच थांबायला तयार झाल्या, मला वाटलं नव्हतं.

एकच प्रश्न उरलाय. कुंभार्ली घाटातून काच लावलेली जलरंग चित्रं आणायची म्हणजे भीती वाटते. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट लावू का?

बोरू-टाक :

जलरंगाला चालेल. वजन कमी, फुटायची भीती नाही. फक्त ओरखडे लवकर पडतात, तेव्हा संरक्षक फिल्म कलादालनात पोचल्यावरच काढा आणि कोरड्या फडक्याने पुसू नका. कोळशाचं किंवा सॉफ्ट पेस्टलचं एखादं चित्र असेल तर त्याला मात्र काचच हवी, ॲक्रिलिक घासलं की स्थिर वीज धरतं आणि भुकटी ओढून घेतं.

काच लावलीच तर तिच्यावर मास्किंग टेपची फुली मारा, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. टेम्पोत सगळ्या फ्रेमा उभ्या, काचेला काच आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. आडव्या एकावर एक नाहीत. मोठे कॅनव्हास गुंडाळून न्यायचे असतील तर पूर्ण सुकलेलेच, जाड नळीवर, आणि रंगाची बाजू बाहेर. आत घेतली तर रंग दबून चिरा पडतात.

गेरू :

रंग बाहेर? मी कायम आतच घेत आले असते. बरं झालं विचारलं. टेम्पोवाल्याशी उद्या बोलते, त्याला गाद्या पण आणायला सांगते.

एक्सेलवाला_पुणेकर :

कलादालनात पोचल्यावर टांगायला दोन माणसं लागतील. टेप आणि लेव्हल माझ्याकडे आहे, रविवार असेल तर मी येतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर ठेवायचा एवढं मलाही येतं.

शाईचा_डाग :

मी पण येते. सुतळी कापायला.